सोप्यातलं ऊन : १ फेब्रुवारी २००३ च्या आठवणींचं एक प्रकरण

१ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया हे अवकाशयान परतताना फुटलं आणि अंतराळवीर कल्पना चावला गेल्या. हे प्रकरण त्या दिवसाच्या आठवणींचं, कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका घराचं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी मानसशास्त्र शिकवते आणि कोल्हापूर परिसरातल्या लोकांच्या जुन्या आठवणी नोंदवून ठेवते. मोठ्या घटनांच्या आठवणी कशा बनतात, हे समजून घ्यायला या घराइतकं मोलाचं प्रकरण माझ्याकडे दुसरं नाही.

घरातली लेक आज शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघते. तिच्या जुन्या शाळेने तिला कल्पना चावलांच्या स्मृतिदिनी मुलींसमोर बोलायला बोलावलं होतं. काय बोलायचं हे तिचं ठरलेलं होतं, कारण ती गोष्ट ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. ती नववीत होती. दुपारची वेळ, सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, ऊन आलेलं, सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं. कल्पना चावला परत येणार म्हणून थेट प्रक्षेपण चालू होतं आणि डोळ्यांदेखत यानाचे तुकडे झाले. थोड्या वेळाने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पडद्यावर आले आणि कुणी वाचलं नाही असं त्यांनी सांगितलं. त्या दुपारी तिने ठरवलं, आपण इंजिनीअर व्हायचं.

भाषणाच्या आधी घरात जेवताना तिने हे पुन्हा सांगितलं आणि थोरला भाऊ म्हणाला, "तू टीव्ही बघितलाच नाहीस त्या दिवशी. मी बघत होतो. इंडियाची मॅच चालू होती, वर्ल्ड कपची. खाली बातमीची पट्टी आली. मला पक्कं आठवतंय." शब्दाला शब्द वाढला. ताट तसंच ठेवून ती उठली. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला आणि एकच विचारलं : माझी आठवण खोटी असेल तर मी ज्याच्यावर उभी आहे तेही खोटं का?

या प्रश्नाला थातुरमातुर धीर देऊन चालणार नव्हतं. तिला खरं उत्तर हवं होतं आणि ते शोधण्याजोगं होतं.

ज्यावर वाद नाही असा भाग

आधी घड्याळ लावून घेतलं. कोलंबियाचं ते अठ्ठाविसावं उड्डाण होतं. यान १६ जानेवारी २००३ ला फ्लोरिडातून निघालं. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास होतं, पण वेग प्रचंड होता. पंधरा दिवस काम करून यान परत फिरलं तेव्हा पंखाच्या कडेला पडलेल्या भोकातून तापलेले वायू आत शिरले आणि पंख आतून वितळत गेला. टेक्सासवर, जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर यान फुटलं. रिक हसबंड, विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे इलान रॅमन आणि कल्पना चावला असे सातही जण गेले.

कमांडर हसबंड यांचा शेवटचा तुटका शब्द ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला पोचला तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ८ वाजून ५९ मिनिटं झाली होती. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ७ वाजून २९ मिनिटं. यान उतरायचं होतं ते ७ वाजून ४६ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोल्हापुरात साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे ही बातमी सोप्यात ऊन असताना कोल्हापुरातल्या कुठल्याच घरात पोचणं शक्य नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष बुश दूरचित्रवाणीवर बोलले ते तिथल्या दुपारी दोन वाजून गेल्यावर. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता, तारीखही २ फेब्रुवारी लागली होती. नववीतली पोरगी तोवर जागी असेल तर गोष्ट वेगळी, पण "थोड्या वेळाने" तर ते नक्कीच आले नाहीत.

भावाचंही तसंच. २००३ चा क्रिकेट विश्वचषक सुरू झाला ९ फेब्रुवारीला, दक्षिण आफ्रिकेत. भारताचा पहिला सामना १२ तारखेला नेदरलँड्सशी होता. १ फेब्रुवारीला विश्वचषकाचा कुठलाच सामना नव्हता. बहिणीला खोटं ठरवणाऱ्या भावाची खात्री तिच्याइतकीच पक्की होती आणि तिच्याइतकीच चुकीचीही.

चौघांचं सांगणं

मी चौघांशी वेगवेगळं बोलले. एकाचं दुसऱ्याने ऐकू नये म्हणून भावाला कामाच्या ठिकाणी गाठलं, आईला देवळातून येताना आणि आजींना दुपारी, घरात कुणी नसताना. वर्तमानपत्र, फोटो, तारखा यांतलं काहीही आधी दाखवलं नाही. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच : तुम्ही कुठं बसला होता, आणि उजेड होता का अंधार?

आई म्हणाली, "धुराची दोन शिंगं झालेली आभाळात. मी डोळ्यानं बघितलंय." ही दोन शिंगं कोलंबियाची नाहीत. ती चॅलेंजरची. २८ जानेवारी १९८६ ला ते यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटलं आणि इंधनाच्या बूस्टरांनी आभाळात धुराच्या दोन फांद्या काढल्या. कोलंबियाचं चित्र वेगळं होतं : सकाळच्या निळ्या आभाळातून सरकत जाणाऱ्या, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार होणाऱ्या पांढऱ्या रेघा. एक यान चढताना गेलं, दुसरं उतरताना. दोघांच्या मध्ये सतरा वर्षं. आईच्या मनात दोन्ही एकाच आभाळात जाऊन बसली आहेत.

लेकीच्या उन्हाचा उलगडाही इथेच झाला. तिला मी डोळे मिटून सोप्याचं वर्णन करायला सांगितलं. ऊन कुठून येतंय, असं विचारल्यावर ती थांबली. घराचं दार उत्तरेला, खिडकी एकच आणि ती शेजारच्या भिंतीला लागून. तिथे दुपारीही ऊन येत नाही. ऊन होतं ते पडद्यावर. टेक्सासात सकाळ होती आणि ती चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली गेली होती. पडद्यावरचा उजेड तिच्या आठवणीत सोप्यातला उजेड होऊन बसला आणि उजेड आहे म्हणजे दुपार, दुपार आहे म्हणजे सगळे घरी, अशी पुढची कड्यांवर कडी तयार झाली. शनिवारी सकाळची शाळा असते, बाराला पोरं घरी येतात. त्यामुळे ही दुपार तिला कधी खटकलीच नाही.

आजींचं सांगणं मात्र वेगळं निघालं, आणि घरात सगळ्यांनी आधीच बजावलं होतं की म्हातारीचं काही धरू नका, तिला आता काल काय जेवली ते आठवत नाही. आजी म्हणाल्या, "शनिवारची अवस हुती. अंधार गुडुप. लाईट गेलती. म्या म्हटलं, आज कशाला उतरायचं त्या पोरीनं?"

पंचांग काढून बघितलं. १ फेब्रुवारी २००३, शनिवार, पौष अमावास्या. अमावास्या दुपारी चारनंतर संपली, पण आजींच्या लेखी सकाळी उजाडताना जी तिथी तीच दिवसभराची. वार बरोबर, तिथी बरोबर, अंधार बरोबर. अपघात अवसेमुळे झाला असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण पंखावर आदळलेल्या फोममध्ये होतं. पण अवस पाळणाऱ्या बाईकडे त्या दिवसाला टांगायला एक पक्की खुंटी होती आणि ती बातम्यांच्या बाहेरची होती. बाकी तिघांच्या खुंट्या टीव्हीतल्या होत्या. टीव्हीवर तीच चित्रं पुढे कितीदा तरी लागली, त्यामुळे त्या हलत राहिल्या.

आजोबांची डायरी

आजोबा साखर कारखान्यात हिशेबनीस होते. ते आता नाहीत, पण त्यांच्या डायऱ्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वर्षवार लावून ठेवलेल्या आहेत. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. अर्ध्याला अजून दोन उभ्या रेघांची जुनी खूण. शनिवारची नोंद अशी आहे :

"म्हशीला डॉक्टर दाखविले. ऊसबिल जमा नाही. लाईट ६॥ ते ९ नाही. शेजारी रेडिओवर कळले, चावला बाई गेल्या. फार वाईट. पोरगी जेवली नाही. लाईट आल्यावर टी.व्ही. पाहिला. ती १०॥ ला झोपली."

साडेसहा ते नऊ वीज नव्हती. म्हणजे यान फुटलं त्या क्षणी त्या घरात टीव्ही बंद होता. बातमी आली ती शेजारच्या ट्रान्झिस्टरवरून, अंधारात. चित्रं पाहिली ती दीड तासाने. साडेदहाला पोरगी झोपली, म्हणजे बुश यांचं भाषण तिने त्या रात्री पाहिलं नाही. रविवारी पुन्हा लागलं तेव्हा पाहिलं असणार. "पोरगी जेवली नाही" हे तीन शब्द वाचताना लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला हे आठवतच नव्हतं. ज्या संध्याकाळचं सगळं काही आपल्याला आठवतं असं ती समजत होती, त्यातली ही सगळ्यात खरी गोष्ट तिच्याकडे उरली नव्हती.

या प्रकारावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे. रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ मध्ये अशा आठवणींना फ्लॅशबल्ब मेमरी म्हटलं. धक्कादायक बातमी ऐकताना आपण कुठे होतो, कुणी सांगितलं, हे फोटो काढल्यासारखं मनात राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्याची खरी परीक्षा घेतली उलरिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी. चॅलेंजर फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कशी कळली, कुठे होता, कुणाबरोबर. अडीच वर्षांहून जास्त काळ गेल्यावर त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. पूर्ण बरोबर उत्तरं फक्त तिघांची निघाली. अकरा जणांचं मुख्य असं काहीच जुळलं नाही, आणि तरीही बहुतेकांना आपल्या उत्तराची खात्री होती. त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला तरी मूळ आठवण कुणाला परत आली नाही.

त्यातला एक आकडा मी या घरासाठी खास लक्षात ठेवला. बातमी टीव्हीवरून कळली असं पहिल्या दिवशी साधारण पाचातल्या एकाने लिहिलं होतं. नंतर तसं सांगणारे जवळपास निम्मे झाले. कुणी वर्गात ऐकलेलं असतं, कुणी जिन्यात, कुणी शेजाऱ्याच्या रेडिओवर. पण नंतर तासन् तास टीव्ही बघितलेला असतो, म्हणून मन सुरुवातही तिथेच नेऊन ठेवतं. बावड्यातल्या सोप्यात नेमकं हेच घडलं. भावाने फेब्रुवारीभर विश्वचषक बघितला, सामन्यांच्या अधेमधे कोलंबियाच्या बातम्या येत राहिल्या, आणि दोन्ही एका संध्याकाळी जाऊन मिळालं. तो खोटं बोलत नव्हता. मुद्दाम खोटं बोलणारा माणूस मला या प्रकरणात एकही भेटला नाही.

मग ठरवलं कधी?

लेकीचा खरा प्रश्न हा होता. मी तिला वहीबद्दल विचारलं, कारण त्या वयातल्या मुली तेव्हा कात्रणं ठेवायच्या. वही होती. शंभर पानी, खाकी कव्हरची, कव्हरवर शाळेचं नाव खोडलेलं.

पहिल्या पानावर रविवारच्या पेपरातला कल्पना चावलांचा फोटो आहे, केशरी पोशाखातला. खाली काही लिहिलेलं नाही. पुढची दोन पानं त्यांच्या आयुष्यावरच्या मजकुराची : कर्नालचं बालपण, चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजात एअरोनॉटिकलची पदवी, मग टेक्सास, मग कोलोरॅडोत डॉक्टरेट, १९९७ चं पहिलं उड्डाण, तेही कोलंबियातूनच. त्या अमेरिकेच्या नागरिक होत्या, यान अमेरिकेचं होतं, चौकशीही तिकडेच झाली. पण कोल्हापुरात कुणी पासपोर्ट विचारला नाही. शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं उभं राहिलं गेलं, तालमीच्या फळ्यावर श्रद्धांजली लिहिली गेली. अपघात आपला झाला होता. लोकांनी तो आपला म्हणून पाळला, आणि त्यात काही वावगं होतं असं मला वाटत नाही.

चौथ्या पानावर वेगळं कात्रण आहे. ५ फेब्रुवारीला पंतप्रधान वाजपेयींनी भारताच्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला कल्पना-१ हे नाव दिलं, त्याची ती बातमी. हा उपग्रह १२ सप्टेंबर २००२ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही या भारतीय रॉकेटने गेला होता. कात्रणाखाली निळ्या बॉलपेनने, जोर देऊन लिहिलंय : "पीएसएलव्ही म्हणजे काय? सरांना विचारणे." पुढच्या पानावर सरांनी काढून दिलेली रॉकेटच्या चार टप्प्यांची आकृती. घन इंधन, द्रव इंधन, पुन्हा घन, पुन्हा द्रव. त्यानंतर वहीत चावलांचं एकही कात्रण नाही. आहेत ती सगळी इंजिनं, झडपा, इंधनं. मधेच उसाच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचंही एक चित्र आहे.

माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. तू त्या संध्याकाळी काही ठरवलं नाहीस. त्या संध्याकाळी तुला फक्त दुःख झालं, इतकं की तू जेवली नाहीस. ठरलं ते पुढच्या आठवड्यांत, एका प्रश्नाच्या मागे लागून, हळूहळू, आणि त्याला तारीख नाही. अपघाताला तारीख असते, वेळ असते, चित्र असतं. म्हणून आयुष्यातल्या मोठ्या वळणाचं श्रेय माणसं अपघाताला देऊन टाकतात. तुझ्या उत्तराला उभं राहायला टीव्हीपेक्षा ही वही जास्त भक्कम आहे.

तिने लगेच मान्य केलं नाही. तिला राग आला होता, आणि तो मला रास्त वाटला. वीसहून अधिक वर्षं जपलेली गोष्ट कुणी येऊन सुटी करून ठेवली तर राग येणारच. तिने वही घरी नेली.

शाळेतलं भाषण

भाषणाला मी मागच्या बाकावर बसले होते. तिने सुरुवात आजोबांच्या नोंदीपासून केली. लाईट नव्हती, रेडिओवर कळलं, मी जेवले नाही. मग ती थेट कारणाकडे वळली आणि तिथे तिचा स्वतःचा धंदा बोलू लागला.

तिने मुलींना सांगितलं की फोम सुटणं काही नवं नव्हतं. आधीच्या उड्डाणांतही तो सुटायचा, यानं सुखरूप परतायची, आणि म्हणून तो धोक्याच्या यादीतून सवयीच्या यादीत गेला. या वेळचा तुकडा आदळताना चित्रफितीत दिसला होता. पंखाला काय झालंय ते कक्षेतच फोटो काढून बघावं, असं काही इंजिनीअरांना वाटत होतं, त्यांनी तशी मागणीही केली. ती वर धसास लागली नाही. अॅडमिरल हॅरोल्ड गेहमन यांच्या चौकशी मंडळाने २६ ऑगस्ट २००३ च्या अहवालात फोमइतकाच दोष नासाच्या कामाच्या रीतीलाही दिला. त्याआधी जुलैत टेक्सासात प्रयोग झाला होता : तशाच फोमचा तुकडा पंखाच्या कडेच्या तशाच भागावर तितक्याच वेगाने मारला. तोवर अनेकांना वाटत होतं की इतका हलका फोम काय करणार. त्या भागाला साधारण ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

"आमच्याकडे कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतं, म्हणजे ओतलेल्या धातूत आत पोकळी राहते," ती म्हणाली. "रोज थोडं येतं. गिऱ्हाईक चालवून घेतं, डेव्हिएशनवर, म्हणजे सवलतीच्या कागदावर, सही होते, माल जातो. मग ते नेहमीचं होतं. मी तिथं थांबते. एक्स-रे काढल्याशिवाय माझी सही होत नाही. मला हट्टी म्हणतात."

एका मुलीने विचारलं की कल्पना चावलांना वर असताना हे कळलं होतं का. तुकडा आदळल्याचं नासाने यानातल्या लोकांना कळवलं होतं, पण काळजीचं कारण नाही असंही सोबत सांगितलं होतं, एवढं ती म्हणाली. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही, मग दुसरा हात वर आला आणि प्रश्न पीएसएलव्हीवर गेले.

नोंदीतलं उरलेलं

भाऊ अजून विश्वचषकावर ठाम आहे. तारखा दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, मग दुसरी कुठली तरी मॅच असेल. डायरीप्रमाणे तेव्हा घरात लाईट नव्हती हे त्याला पटतं, पण तो स्वतः त्या वेळी घरात होता की बाहेर, हे ठरवायला काही पुरावा नाही. एखाद्या मित्राकडे, वीज असलेल्या गल्लीत, त्याने खरोखर टीव्हीवर पट्टी पाहिली असेल. तेवढा भाग मी उघडा ठेवला आहे.

आईला चॅलेंजर आणि कोलंबियाची चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. तिने दोन्ही नीट बघितली आणि दोन शिंगांवर बोट ठेवलं. तिचं सांगणं मी तिच्या शब्दांत तसंच लिहून ठेवलंय, शेजारी दुसऱ्या शाईने तारीख टाकून.

जे कुणी आपल्या घरात अशा आठवणी लिहून घेणार असतील त्यांना या प्रकरणातून दोन गोष्टी आग्रहाने सांगेन. एक, सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका. जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. दोन, ज्यांना आता काही आठवत नाही असं घर म्हणतं, त्यांच्यापासून सुरुवात करा. वार, तिथी, म्हैस व्यायली, वीज गेली, असल्या गोष्टी त्यांच्याकडे असतात आणि त्या तपासता येतात. कोल्हापुरात जुन्या घरांच्या माळ्यावर अशा डायऱ्या, उसाच्या बिलांच्या वह्या, दूधसंस्थेची पासबुकं अजून आहेत. घर पाडायला काढलं की त्या रद्दीत जातात. या घराच्या ट्रंकेतल्या डायऱ्यांचे फोटो काढून ठेवायचं काम लेकीने सुरू केलं आहे. १९८६ ची डायरी सापडली आहे. त्यात चॅलेंजरची नोंद नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आजोबा कारखान्याच्या ताळेबंदात अडकले होते.